बदलीचे वक्ते

मनमाड जंक्शनवर गाडी चुकलेल्या समस्त थोरामोठ्यांच्या वतीने बोललेला उभ्या खानदेशात एकच माणूस होऊन गेला, आणि ते माझे मामेसासरे होते. बायकोचे मामा म्हणून ते माझेही मामा, आणि बोलायला लागल्यापासून जळगावच्या निम्म्या पेठांचे मामा. आमच्या वाचनालयाच्या पटांगणात दर हिवाळ्यात व्याख्यानमाला व्हायची. मी तिचा चिटणीस. चिटणीस म्हणजे ज्याला स्टेजवर चढावं लागत नाही पण स्टेज बांधावं लागतं, असा माणूस; माझ्यासारख्या घुम्याला यापरती सोयीची जागा नव्हती. पाहुणे पुण्याहून यायचे. पुण्याची गाडी मनमाडला उशिरा पोचायची आणि जळगावकडची गाडी कुणासाठी थांबायची नाही. मग संध्याकाळी पटांगणात सतरंज्या घातलेल्या, माणसं बसलेली, हार ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि पाहुण्यांच्या जागी तार: ‘मनमाडला अडकलो. क्षमस्व.’ अशा वेळी जो माणूस कोटाची बटणं लावत फाटकातून आत यायचा आणि पाहुण्यांच्या जाहीर झालेल्या विषयावर, मग तो विषय कोणताही असो, तासभर बोलायचा, ते मामा.

निरोप धाडावा लागायचा नाही. मामांची हयात तारखात्यात गेली होती, आणि खात्यातले जुने सोबती अजून त्यांना धरून होते. त्यामुळे पाहुणे अडकल्याचं समितीच्या आधी मामांना कळायचं. मी घाबराघुबरा होऊन त्यांच्या घरी पोचावं, तो ते पायांत बूट घालत असायचे. “विषय काय छापलाय?” एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, “युरोपातील चित्रकला.” ते म्हणायचे, “बरं आहे. चला.” चित्र म्हणून मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. तरी त्या संध्याकाळी ते असे बोलले, की माणसांना तैलरंगांचा वास आला. शेवटी एका ड्रॉइंगमास्तरांनी उठून बारीकसा, फार अडचणीचा प्रश्न विचारला. मामांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, “असे प्रश्न विचारणारे श्रोते जळगावात आहेत, हे पुण्याच्या पाहुण्यांना कळलं असतं तर त्यांनी गाडी चुकवली नसती.” टाळ्या ड्रॉइंगमास्तरांनाच पडल्या. बिचारे उत्तर मागायचं विसरून खाली बसले.

ज्या वर्षी देश सुटला, त्याच वर्षी पाठोपाठ मामा तारखात्यातून सुटले. पेन्शन पुरी पदरात पडायच्या आतच. “उभा जन्म मी लोकांचे शब्द खोडले, जावईबापू,” ते मला म्हणाले. “खिडकीशी माणूस यायचा, पोटातलं सगळं लिहून आणायचा. मी सांगायचो, हे काढा, ते काढा, शब्दाला पैसा पडतो. तारेत माणूस मेला तरी चार शब्दांत मरतो. आता मला माणसांना ऐसपैस मरू द्यायचंय, ऐसपैस लग्नं लागू द्यायचीत.” आणि त्यांनी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: ‘व्याख्याते. सर्व प्रसंगी.’ डॉक्टरची, वकिलाची असते तशी पाटी. व्याख्यान हा पोट भरायचा उद्योग होऊ शकतो, हे तोवर गावाला ठाऊक नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक शिंपी आला. त्याची बायको माहेरी जाऊन बसली होती आणि त्याला सासऱ्यापुढे बोलता येत नव्हतं. मामा कोट घालून त्याच्याबरोबर गेले आणि सासऱ्याच्या ओट्यावर ‘गृहस्थाश्रम’ या विषयावर बोलू लागले. दिवेलागण झाली तरी ते थांबेनात, तेव्हा सासऱ्याने हात जोडले आणि लेक गाडीत बसवून दिली. मामा हा आपल्या कारकिर्दीचा शुभारंभ मानत.

धंदा पुढे चालला, हे खोटं नाही. शाळांची संमेलनं, वाचनालयांची वर्धापनं, गणपती, सत्कार, शोकसभा. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळं. धुळ्याची वाट चाळीसगावला गाडी बदलून, त्यामुळे तिथेही पाहुणे अडकायचे आणि तिथेही मामाच उभे राहायचे. धुळ्याच्या एका शोकसभेत ते मयताला कधीही न भेटता त्याच्याविषयी असं बोलले, की त्याच्याशी जन्मभर भांडलेला भाऊबंद हुंदके देऊ लागला. मयताची बायको मात्र पदर डोळ्यांना लावायचा सोडून शेजारणीला विचारत होती, “हाऊ मानूस कोन व्हता वं? मना घर त कधी उना नही.” मामांच्या कानावर हे गेलं. ते खूश झाले. म्हणाले, “बाई चुकली नाही. मी सांगितला तो माणूस तिच्या घरी कधी आलाच नसेल. पण माणूस एकदा तरी आपल्या भाषणाएवढा व्हायला हवा की नाही?”

फैजपूर-यावलकडच्या केळीवाल्या गावांत बिदागी केळीच्या घडांनी मिळायची. मामा गाडीतून उतरायचे ते खांद्यावर उपरणं आणि मागे हमालाच्या डोक्यावर घड अशा थाटात. घरात खुंट्यांना कोटाऐवजी घड, देवघरापाशी घड, आणि सगळे एकदम पिकायचे. मामी पारोळ्याकडच्या, अहिराणीशिवाय दुसरं बोलायच्या नाहीत. मी गेलो की जावयाचा मान म्हणून पाटावर बसवायच्या, पुढ्यात शिकरण ठेवायच्या आणि म्हणायच्या, “पोस्टमा व्हतात तवय बरं व्हतं, जवाईबापू. तठे शबदले पैसा पडे.”

त्याच मुलखातल्या एका भरितपार्टीला मी त्यांच्याबरोबर होतो. शेतात काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, केळीच्या पानांच्या पंगती मांडलेल्या, आणि जेवणाआधी मामांचं ‘सहकार’ या विषयावर व्याख्यान ठेवलेलं. मामा रंगले. भरिताचा वास पंगतीवरून फिरू लागला. शेवटी एक म्हातारे शेतकरी हात जोडून म्हणाले, “मामा, तुमी बोला ना. आमी खाता खाता आयकतो. भरीत थंड झालं त मंग कोनीच आयकनार नही.” दुसरा कुणी वक्ता असता तर रुसला असता. मामा म्हणाले, “वाढा.” आणि बोलत राहिले. परतताना बैलगाडीत त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. “जावईबापू, टाळ्या फसव्या असतात. आज तीनदा चावण्याचा आवाज थांबला. वाक्य लागलं म्हणजे असं लागतं.” स्वतः ते जेवायचेच राहिले होते. गाडीवानाने बांधून घेतलेलं भरीत आम्ही दोघांनी वाटेत खाल्लं, आणि खाताना मामा गप्प होते. मामा गप्प असण्याचा तो माझ्या माहितीतला पहिला प्रसंग.

दुसऱ्याचं भाषण ऐकणं मात्र त्यांना जड जायचं. मांडीवर बोटं हलत राहायची. जुन्या सवयीने ते समोरच्या वक्त्याची तार करत असायचे. एकदा एका फार मोठ्या विद्वानांचं दीड तासाचं भाषण संपल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, “पाच शब्दांत बसलं. एवढ्यासाठी गृहस्थ पुण्याहून कशाला आले?” पहाटे मेहरूणच्या तळ्यावर ते आवाज फिरवायला जात. पाण्यात म्हशी बसलेल्या असायच्या. त्यांच्यापुढे ते ‘अध्यक्ष महाराज’ पासून सुरुवात करत, आणि एखादी म्हैस उठून चालू लागली तर थांबून त्याच वाक्याला पुन्हा हात घालत.

एवढं सगळं असून मामांना एका गोष्टीची आस होती, आणि ती मला पक्की ठाऊक होती. त्यांना छापून यायचं होतं. आमच्या व्याख्यानमालेचं हस्तपत्रक निघायचं: तारीख, वक्ता, विषय. इतकी वर्षं त्या पटांगणात ते बोलले, पण दरवेळी दुसऱ्याच्या नावाखाली, दुसऱ्याच्या विषयावर, दुसऱ्यासाठी आणलेला हार घालून. पत्रक छापून आलं की दर वर्षी ते काहीतरी निमित्त काढून माझ्या घरी यायचे. पत्रक हातात घ्यायचे, वरून खाली वाचायचे, उलटून मागची कोरी बाजू बघायचे आणि म्हणायचे, “कागद बरा वापरलात यंदा.” मग चहा पिऊन जायचे. मी पत्रक बनवणारा माणूस. मी मान खाली घालून “हो” म्हणायचो.

आता जे लिहायला बसलो आहे ते लिहितो. इतकी वर्षं ते आतच राहिलं.

एका वर्षी समितीत नावं ठरत होती. समिती म्हणजे एक वकीलसाहेब, एक डॉक्टर, एक कापसाचे व्यापारी आणि वही घेऊन बसलेला मी. डॉक्टर म्हणाले, “यंदा एक दिवस मामांनाच देऊ की. त्यांच्या नावाने.” वकीलसाहेब ‘हरकत नाही’ म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात मी, जो समितीत विचारल्याखेरीज तोंड उघडत नसे, म्हणालो, “पण त्यांना छापलं तर बदलीला कोण?”

सगळे हसले. व्यापाऱ्यांनी तर मांडीवर थाप मारली. विषय तिथेच संपला.

मी तसं का बोललो? चिटणीस बायकोच्या मामाला पुढे करतो असं कुणी म्हणू नये, हे एक कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. ते खरंही आहे, पण पुरतं नाही. पुरतं असं, की ते वाक्य मला सुचलं आणि त्यावर माणसं हसतील हे मला कळलं. जन्मात माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं, रडलंही नव्हतं. त्या दिवशी तीन शहाणी माणसं माझ्या वाक्यावर हसली. बोलण्यात काय नशा असते ते मला तेव्हा समजलं, आणि ज्याच्यामुळे समजायला हवं होतं त्याच्याच जिवावर समजलं.

वाक्य गावात पसरलं. कुणाचं ते मात्र कुणाला राहिलं नाही; ‘समिती म्हणते’ असंच झालं. मामांपर्यंत ते पोचलं, तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस पटांगणात पाय ठेवणार नाही. पण मामांनी ते डोक्यावर घेतलं. पुढच्याच वेळी पाहुणे अडकले तेव्हा त्यांनी सुरुवातच केली, “सभ्य स्त्रीपुरुषहो, समिती म्हणते, मामांना छापलं तर बदलीला कोण? केवढा हा भरवसा!” पटांगण हसलं. दर वर्षी ते हे सांगू लागले, दर वर्षी पटांगण हसू लागलं, आणि मी सतरंजीच्या कडेला उभा राहून माझ्याच चपलांकडे बघू लागलो. दर वर्षी पत्रकही निघत होतं आणि कागदही बरा होता.

पुढे वकीलसाहेब मुंबईला गेले आणि डॉक्टर अध्यक्ष झाले. त्या वर्षी मी समितीत तोंड उघडलं नाही, आणि मामांचं नाव पक्कं झालं. मीच सांगायला गेलो. मामा म्हणाले, “विषय?” मी म्हणालो, “तुम्ही सांगाल तो.” हे ऐकून ते पार गडबडले. आजवर त्यांना कुणी विषय विचारला नव्हता. “तुम्हीच द्या ना एखादा,” ते म्हणाले. मी नाही म्हणालो. आठवडाभर मेहरूणच्या म्हशी व्याख्यानाविना राहिल्या. मग एका दुपारी उन्हातून चालत माझ्या कचेरीत आले, टेबलाशी वाकले आणि म्हणाले, “लिहा. तारेत न मावलेले.” मी “म्हणजे?” म्हणालो. “माणसांनी खिडकीशी मला जे जे खोडायला लावलं ना, ते. म्हणजे मी त्यांना खोडायला लावलं, ते. बठ्ठं ध्यानात शे माझ्या.” आयुष्यभर शुद्ध बोलणारे मामा ‘सगळं ध्यानात आहे’ म्हणायच्या ऐवजी घरची भाषा बोलून गेले, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

पत्रकावर त्यांचा दिवस तिसरा होता. आवाज राखायचा म्हणून त्यांनी मौन धरलं. ज्येष्ठमध तोंडात, गळ्याला मफलर, सगळा कारभार हातवाऱ्यांनी. मी गेलो तर मामी दारातच कुजबुजल्या, “घरमा देव उना शे, जवाईबापू. बोलू नका, उठी जाई.”

पहिल्याच दिवशी पाहुणे मनमाडला अडकले.

मी धावत निघालो तो मामा फाटकाबाहेर, बूट घातलेले. “आज नको, मामा,” मी म्हणालो. “आज आपण रद्द करू. परवा तुमचं आहे.” मामांनी मौन मोडलं. “रद्द? माणसं येऊन बसलीत. सतरंजीवरचा माणूस न ऐकता उठवायचा नसतो.” मी म्हणालो, “तुमचा घसा–” ते म्हणाले, “परवाचं परवा. विषय काय छापलाय?” मी आणखी एकदा ‘नको’ म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो असतो तर कदाचित ऐकलं असतं. पण पटांगण भरलेलं होतं, डॉक्टर फाटकाकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं होतं. मी म्हणालो, “हिमालयातील नद्या.”

त्या संध्याकाळी गारठा होता, आणि लाउडस्पीकरने पाच मिनिटांत मान टाकली. मामा उघड्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात तासभर गंगा-यमुना आणत राहिले. त्यांचं ते व्याख्यान मी ऐकलेल्यांत सर्वांत उत्तम होतं. सकाळी ते उठले तर घशातून नुसता वारा येत होता.

तिसऱ्या दिवसापर्यंत आवाज आला नाही. काढे झाले, वाफारे झाले, डॉक्टरांनी स्वतः घशाला औषध लावलं. आणि त्या दिवशी पटांगण कधी नव्हतं तेवढं भरलं. फैजपूरकडचे शेतकरी आले होते, तो शिंपी बायकोला घेऊन पुढे बसला होता. मामांना खुर्चीवर बसवलं. हार घातला, त्यांच्याच नावाचा. डॉक्टरांनी खरी परिस्थिती सांगितली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “मग बदलीला कोण?”

पटांगण हसलं. मामाही हसले, आवाज न होता, खांदे हलवून. आणि त्यांनी हात वर करून बोट माझ्याकडे केलं.

मी स्टेजवर कसा चढलो ते मला माहीत नाही. ‘तारेत न मावलेले’ मला कुठलं माहीत असणार! मी मामांविषयी बोललो. शिंप्याच्या सासऱ्याचं, चित्रकलेचं, भरिताच्या पंगतीचं. इथे लिहिलं तसंच, पण अडखळत. माणसं हसत होती, माझ्या शब्दांवर पुन्हा एकदा हसत होती. मग मी त्या वाक्यापाशी आलो. समिती म्हणते, मामांना छापलं तर बदलीला कोण. ‘हे वाक्य समितीचं नाही, माझं आहे,’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पाणी प्यायलो. आणि म्हणालो, “आपण सर्व जण आलात, आभारी आहे.” टाळ्या पडल्या. पुष्कळ पडल्या.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवटी त्यांच्या फाटकाशी यायचं आहे. मामांचा आवाज परत आला तो घोगरा, घरापुरता. डॉक्टरांनी सभांची मनाई केली. पाटी उतरली. वर्षभराने ते आणि मामी धुळ्याला लेकीकडे राहायला गेले, आणि तिथेच मामा वारले. ‘तारेत न मावलेले’ हे व्याख्यान कुणीच ऐकलं नाही. मी धुळ्याला दोनदा भेटलो. दोन्ही वेळी त्यांना म्हणणार होतो की मामा, पुढ्यात मी एकटा बसतो, आज बोला. घरात पाहुणे होते, नातवंडं होती. राहिलं. खिडकीशी येऊन कुणी काय खोडून गेलं, हे मला आता कुणाकडूनही कळणार नाही, आणि किती ऐकावंसं वाटतं ते मी लिहू शकत नाही.

तर त्या संध्याकाळी मी त्यांना घरी पोचवायला निघालो. हार त्यांनी काढला नव्हता. गळ्यात मफलर आणि त्यावर हार, असे ते चालत होते. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी माझा दंड धरला, मला जवळ ओढलं, आणि जो काही वारा गळ्यात होता त्यात म्हणाले, “बरं बोललात, जावईबापू. पण शेवटाआधी एक वाक्य गिळलंत.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दंड मात्र सोडला नाही. जन्मभर समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा हा माणूस फाटकाला टेकून मान किंचित वाकडी करून उभा राहिला, एखादा खरा श्रोता राहतो तसा. घाई नव्हती. आत मामींनी दिवा लावला, तरी ते उभे होते.

मी म्हणालो, “आत जा, मामा. गारठा आहे.”

त्यांनी मान हलवली, माझ्या दंडावर दोनदा थोपटलं आणि ते आत गेले.